मोठ्या मिक्सरचं ग्रीस

ओहायोतल्या ट्रॉय गावच्या होबार्ट कंपनीतला इंजिनिअर हर्बर्ट जॉन्स्टन. 1908 साली एका बेकरीवाल्याला धातूच्या चमच्यानं पीठ घोटताना पाहून त्याला मिक्सर सुचला, असं सांगतात. पुढे त्याचा 80 क्वार्टचा, म्हणजे सुमारे 75 लिटरचा मिक्सर अमेरिकी नौदलाच्या जहाजांवरही गेला.

खुबी अशी, की भांडं जागेवर राहतं. हूक स्वतःभोवती फिरत भांड्यातही प्रदक्षिणा घालतो, ग्रहासारखा. पण ती दातेरी चाकं बसतात नेमकी पिठाच्या वर. ग्रीस जुनं झालं की तेल सुटतं आणि थेट कणकेत ठिबकतं. काळपट थेंब दिसला तर ती कणीक टाका, कारागिराला बोलवा. आणि गिअरचा मिक्सर असेल तर वेग मशीन थांबवूनच बदला, नाहीतर चाकांचे दात झिजतात. मंडळाच्या स्वयंपाकघरात पुरणपोळीच्या दिवशी ही घाई हमखास होते!