घरात मावणारं यंत्र

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

१९२९ सालच्या जुलै महिन्यात चरखा संघाने एक बक्षीस जाहीर केलं. घरच्या घरी सूत काढण्याचं सुधारलेलं यंत्र जो बनवेल, त्याला १ लाख रुपये. त्या काळचे १ लाख! बक्षिसाचा हा आकडा अनेकांनी ऐकलेला असतो, पण त्यामागच्या अटी सहसा कुणी वाचत नाही. मला त्या अटींचंच जास्त कौतुक आहे. यंत्र हलकं हवं, उचलून इकडचं तिकडे ठेवता यायला हवं. खेड्यातल्या साध्या घरात ते हाताने किंवा पायाने चालवता यावं. एखाद्या बाईला फारशी दमछाक न होता त्यावर सलग ८ तास काम करता यावं. त्या ८ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघावं. यंत्राची किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. आणि आता जी अट सांगण्यासाठी मी ही यादी वाचली ती ऐका. नीट देखभाल केली तर यंत्र किमान २० वर्षं चाललं पाहिजे, आणि दुरुस्तीचा खर्च वर्षाला किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नये. म्हणजे वर्षाला फक्त साडेसात रुपये.

माझं उभं आयुष्य लेथवर गेलं. कारखान्यात नवीन यंत्र घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, तासाला नग किती निघतील? दुरुस्तीचं नंतर बघू. कारखान्याला ते चालतं, कारण तिथे फिटर असतो, स्टोअर असतं, फोन केला की माणूस येतो. घरात यातलं काहीच नसतं. घरातलं यंत्र बिघडलं की ते आधी कोपऱ्यात जातं आणि मग माळ्यावर. अटी लिहिणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असावं.

या स्पर्धेसाठी आपल्या भागातूनही एक चरखा तयार झाला होता. तो किर्लोस्करवाडीचा. आज किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे, तेव्हा ती औंध संस्थानात होती. (आणि ज्याला आपण सांगली जिल्हा म्हणतो, तो १९४९ साली जन्माला आला तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा होतं. म्हणजे सातारकर आणि सांगलीकर यांनी एकमेकांना परके मानायला फार काळ झालेला नाही.) लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचं निवडुंगांनी भरलेलं माळरान दिलं. १९१० साली तिथे कारखाना उभा राहिला. लक्ष्मणराव मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सुटली आणि यांत्रिक रेखाटन हाती आलं. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ते हाच विषय शिकवत. मग बेळगावात सायकलींचं दुकान, त्यानंतर कडबा कापायचं यंत्र, त्यानंतर लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीचे नांगर विकले जाईनात. शेतकऱ्याच्या अंगणात यंत्र टिकवणं किती अवघड असतं हे ज्यांना कळलं होतं, अशा मोजक्या लोकांत लक्ष्मणरावांचं नाव घ्यावं लागेल.

तरीही बक्षीस मिळालं नाही. किर्लोस्करवाडीच्या चरख्याला नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही. जास्त सूत काढायचं तर चात्या वाढवाव्या लागतात. चात्या वाढल्या की दाते, पट्टे, स्प्रिंगा वाढतात, आणि हे सगळं वाढलं की साडेसात रुपयांत दुरुस्ती होत नाही. त्या अटी एकमेकींशी भांडणाऱ्या होत्या.

याच औंध संस्थानात दहा वर्षांनी आलेल्या एका माणसाने या प्रश्नाकडे उलट्या बाजूने पाहिलं. मॉरिस फ्रीडमन, पोलंडमध्ये जन्मलेला इंजिनिअर. औंधच्या राजाने आपले अधिकार प्रजेच्या हाती देण्याचा जो प्रयोग १९३८-३९ मध्ये केला, त्यात याचा मोठा वाटा होता. गांधीजींच्या वर्तुळात तो भारतानंद या नावाने ओळखला जाई. त्याने पुढे आणलेली धनुष तकली म्हणजे एक चाती आणि ती फिरवायला एक धनुष्य. धनुष्याची दोरी चातीवरून ओढायची, चाती फिरते, सूत निघतं. बांबू आणि सुरी असली की खेड्यातला माणूस ती स्वतः करू शकतो. सूत कमी निघेल, पण मोडली तर दुसरी करायला संध्याकाळ पुरे. औंध आणि किर्लोस्करवाडी, एकाच संस्थानातली दोन गावं, आणि घरातल्या यंत्राबद्दलची दोन उत्तरं.

पुढे हा प्रश्नच मागे पडला. यंत्रं मोठी होत गेली. १९५२ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत, भोकं पाडलेल्या कागदी फितीवरून हुकूम घेऊन धातू कापणारं यंत्र जगाला दाखवण्यात आलं. त्याच्या नियंत्रणाची कपाटंच प्रत्यक्ष यंत्रापेक्षा जास्त जागा अडवत. आपल्याकडच्या सीएनसी यंत्रांचं मूळ ते. मिरज-कुपवाडच्या वसाहतींत नव्वदच्या दशकात मी पहिल्यांदा असं यंत्र पाहिलं तेव्हा ते काचेच्या खोलीत, एसी लावून ठेवलेलं होतं. आम्ही टर्नर मंडळी बाहेर घाम पुसत उभे, आणि यंत्र आत गारव्यात!

हा प्रश्न पुन्हा वर आला तो पुण्याच्या पलीकडे, शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावात. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. मुंबईतली मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांनी वेल्डिंग, सुतारकाम, शेती, विजेची कामं करत करत विज्ञान शिकायचं, अशी त्यांची पद्धत. जुन्या जीपच्या सुट्या भागांपासून छोटा ट्रॅक्टर करण्याचा उद्योगही तिथे झाला. एमआयटीतले प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी ‘फॅब लॅब’ म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या लहान यंत्रांची सार्वजनिक कार्यशाळा, ही कल्पना मांडली. अमेरिकेबाहेरच्या पहिल्यावहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली पाबळला सुरू झाली. बोस्टननंतर एकदम पाबळ! पुढच्याच वर्षी कलबाग गेले, पण काम थांबलं नाही. मला यात विशेष वाटतं ते असं, की यंत्रं पाबळला आली तेव्हा ती उघडायला न घाबरणारी मुलं तिथे आधीपासून होती.

फॅब लॅबची यंत्रं तरी विकतचीच होती. घरात यंत्र बनवण्याचा खरा धडाका इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातून सुरू झाला. एड्रियन बोयर यांनी २००५ साली ‘रेपरॅप’ नावाचा प्रकल्प काढला. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देत वस्तू घडवणारं यंत्र करायचं, आणि त्या यंत्राने आपल्यासारख्याच दुसऱ्या यंत्राचे प्लास्टिकचे भाग घडवायचे. २००८ साली पहिल्या यंत्राला असं पोर झालं. सगळे आराखडे फुकट, कुणीही घ्यावेत आणि बदलावेत. थर देण्याच्या पद्धतीचं मूळ अमेरिकी पेटंट १९८९ मध्ये दाखल झालं होतं, ते २००९ मध्ये संपलं आणि मग जगभर घराघरांत अशी यंत्रं उभी राहू लागली. १९२९ च्या स्पर्धेतही, बक्षीस घेणाऱ्याने पेटंटचे हक्क चरखा संघाकडे द्यायचे अशी अट होती, ती इथे आठवते.

आमच्या घरात हे खूळ २०१३ साली शिरलं. पुतण्या इंजिनिअरिंगला होता, त्याने आराखडे उतरवून आणले. पहिलीच अडचण कोंबडी आधी की अंडं आधी अशी: यंत्राचे प्लास्टिकचे भाग करायला यंत्र हवं, आणि ते तर आपल्याकडे नाही. मग सांधे मी नायलॉनचे लेथवर आणि ड्रिलवर काढले, चौकट सुताराकडून प्लायवूडची करून घेतली. ८ मिलिमीटरच्या ग्राइंड केलेल्या सळया आणि बेअरिंगं सांगलीतच मिळाली. मोटरी आणि नियंत्रणाचं कार्ड पुतण्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलं.

या मोटरींचं काम ऐकण्यासारखं आहे. ही स्टेपर मोटर साध्या मोटरीसारखी गरगर फिरत नाही, टप्प्याटप्प्याने सरकते. एका फेऱ्यात २०० टप्पे. कार्ड त्या प्रत्येक टप्प्याचे आणखी १६ भाग पाडतं, म्हणजे झाले ३,२००. मोटरीच्या दांड्यावर २० दात्यांची पुली, पट्ट्याच्या दोन दात्यांमध्ये अंतर २ मिलिमीटर. म्हणजे एका फेऱ्यात पट्टा सरकणार ४० मिलिमीटर. ३,२०० भागिले ४०, उत्तर ८०. एका मिलिमीटरमागे ८० टप्पे. लेथच्या हँडलवरच्या डायलचे भाग मोजत ज्याने आयुष्य काढलं, त्याला हे गणित समजायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही. पुतण्या मात्र माझ्याकडे बघतच राहिला.

यंत्र चालू झाल्यावर आम्ही पहिली वस्तू काढली ती त्याच यंत्राचा एक सांधा. मग दुसरा, मग तिसरा. महिनाभरात माझे नायलॉनचे सांधे डब्यात गेले आणि यंत्र आपल्या स्वतःच्या भागांवर उभं राहिलं. घरातले विचारायचे, हे यंत्र स्वतःचीच कामं करत बसणार का? त्यांचा प्रश्न रास्त होता. नंतर मिक्सरच्या बटणाची टोपी झाली, शेजारच्या काकूंच्या शिलाई मशीनची एक फिरकी झाली, तासगावच्या एका द्राक्षबागायतदार मित्रासाठी ठिबकच्या नळीचा जोड झाला. इथे प्लास्टिक कुठलं वापरायचं हे बघावं लागतं. पीएलए नावाचं नेहमीचं प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली ते वाकतं, म्हणून बागेसाठी पीईटीजी. आणि लाइट गेले की सहा तासांचं काम वाया, ही दुसरी कटकट.

सगळंच या यंत्रावर होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मिरजेच्या सतारमेकर मंडळींचंच बघा. त्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांचं काम संपत आलं, तेव्हा ते तंतुवाद्यांकडे वळले. आजही तिथे घर आणि कारखाना एकाच भिंतीत असतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दांडीवरची नक्षी संगणकाच्या यंत्रावर कोरता येईल, खुंटीचा साचा काढता येईल. पण घोडीवर तार टेकते तिथली जवारी कानाने ऐकत, कानशीचा एकेक हात मारत काढतात. ती मिलिमीटरच्या ८० भागांत सापडत नाही.

आज तयार यंत्रं आमच्या प्लायवूडच्या यंत्रापेक्षा स्वस्त, वेगवान आणि सुबक मिळतात. मग घरी बनवायचं कशाला, असं तरुण मुलं विचारतात. फक्त वस्तू हवी असेल तर नका बनवू, विकत घ्या. पण शाळाशाळांतून ही यंत्रं येऊ लागली आहेत आणि त्यांतल्या काहींवर कापड टाकलेलं मी पाहिलं आहे. गेल्या वर्षी एका शाळेत असंच कापड उचललं. आत उत्तम यंत्र, फक्त नोझल तुंबलेलं. पुरवठादाराचा माणूस येणार म्हणून सात महिने वाट पाहणं चाललं होतं. ०.४ मिलिमीटरचं भोक असलेला पितळी तुकडा तो. तापवायचा, पान्याने सोडवायचा, दुसरा बसवायचा.

नववीतल्या चार मुलींना मी यंत्र पूर्ण खोलायला लावलं. स्क्रू एका ताटलीत, कुठला कुठून निघाला ते वहीत. दुसऱ्या शनिवारी त्यांनी ते माझ्याशिवाय जोडलं, आणि पट्टा किती ताणायचा यावर दोघींचं चांगलंच वाजलं. वर्षभरात त्या यंत्राला दोन नोझलं, एक पंखा आणि एक पट्टा लागला. हिशेब कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. यंत्राच्या किमतीच्या ४ टक्के.