नऊ धावांची थकबाकी

मी कन्नडला असतो असं सांगितलं, की निम्मे लोक मला कानडी येतं असं समजतात. उरलेल्या निम्म्यांना 'कॅनडा' ऐकू येतं आणि ते एकदम अदबीनं बोलू लागतात. दोन्ही गैरसमज दूर करायला फारसा वेळ लागत नाही. "संभाजीनगरहून चाळीसगावच्या एस.टी.त बसा आणि घाट लागायच्या आधी उतरा, तेच आमचं कन्नड," एवढं म्हटलं, की कानडीही संपते आणि अदबही.

पण आमच्या घराण्यात एक खरोखरीचा कॅनडावाला आहे. माझा भाचा टोरांटोला असतो. रविवारी सकाळी मी दाढीचा साबण लावून बसलो, की त्याचा फोन येतो. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते आणि शनिवारची रात्र म्हणजे त्या देशात बर्फावरच्या हॉकीची रात्र. मॅच बघता बघता तो मला त्या खेळाच्या चमत्कारिक गोष्टी सांगतो आणि माझ्या गालावरचा साबण वाळत जातो.

आता बर्फ म्हटलं, की माझ्या डोळ्यांसमोर बाजारातली गोळ्याची गाडी येते, नाहीतर लग्नातल्या मठ्ठ्यासाठी भुशातून काढून धुतलेली लादी येते. त्या लादीवर चढून कुणी खेळावं, ही कल्पनाच आमच्या तालुक्यात रुजणार नाही. तिकडे मात्र दोन्ही बाजूंचे सहा सहा गडी पायांत धारदार पात्यांचे बूट घालून, हातात काठ्या घेऊन एका रबरी चकतीमागे असे धावतात, की एखाद्याला वाटावं, चकतीवर सर्वांचं मिळून कर्ज आहे.

भाचा सांगतो त्या गोष्टी मात्र झकास. १९७५ च्या मे महिन्यात बफेलो नावाच्या गावी (म्हणजे मराठीत म्हसवडच की!) अंतिम फेरीची मॅच होती. बाहेर उकाडा, आत वातानुकूलन नाही आणि खाली बर्फ. बघता बघता बर्फावर धुकं दाटलं. ते हाकलण्यासाठी पुन्हा पुन्हा खेळ थांबवावा लागला. त्यात भर म्हणून एक वटवाघूळ खेळाडूंच्या डोक्यावरून घिरट्या घालायला लागलं. शेवटी जिम लॉरेन्झ नावाच्या खेळाडूनं हातातली काठी हाणून त्याला खाली पाडलं. भाच्याला याचं केवढं अप्रूप! पितळखोऱ्याच्या लेण्यांच्या तालुक्यात राहणाऱ्या माणसाला वटवाघळाचं काय कौतुक?

मला आवडली ती शिकागोची गोष्ट. तिथल्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे यजमानांना एक हौशी गोलकीपर प्रेक्षकांत तयार ठेवावा लागायचा. दोन्हींपैकी कुठल्याही संघाचे दोन्ही गोलकीपर जायबंदी झाले, तर हा उतरायचा. तशी वेळ सहसा यायची नाही, त्यामुळे मॅच फुकट बघायची आणि घरी जायचं, एवढंच काम. शिकागोला ती वेळ आली आणि स्कॉट फॉस्टर नावाचा छत्तीस वर्षांचा इसम मैदानात उतरला. धंद्यानं हा गृहस्थ अकाउंटंट! शेवटची चौदा मिनिटं तो गोलात उभा राहिला. त्याच्यावर सात फटके आले. सातही त्यानं अडवले आणि शिकागो ६-२ नं जिंकलं.

ही गोष्ट ऐकून मी साबणासकट उभा राहिलो. पराक्रमासाठी नव्हे, तारखेसाठी. तारीख होती २९ मार्च २०१८. वाचकहो, २९ मार्च! वर्ष संपायला दोन दिवस उरलेले आणि हा अकाउंटंट हॉकी खेळतोय! आमच्या शाखेत २९ मार्चला पोट दुखतं म्हणून सांगितलं, तर साहेब ओव्याची पूड टेबलावर आणून देतात. घरी सोडत नाहीत.

पुढं २०२० च्या फेब्रुवारीत तर खुद्द टोरांटोतच बर्फ गुळगुळीत करण्याचं यंत्र चालवणारा एक बेचाळीस वर्षांचा माणूस असाच पाहुण्यांच्या बाजूनं गोलात उभा राहिला आणि त्यानं टोरांटोलाच हरवलं. डेव्हिड एअर्स त्याचं नाव. भाच्यानं त्याचं सुतक पाळलं, म्हणून तपशिलात शिरत नाही.

एका रविवारी मात्र भाच्याचा आवाज जरा उतरला. गोष्ट १९१९ ची. आपल्याकडची जुनी माणसं जिला मानमोडी म्हणत, त्या इन्फ्लुएंझाच्या साथीचा काळ. स्टॅनले कप नावाच्या त्यांच्या सर्वांत मोठ्या चषकासाठी माँट्रियलचा संघ सिएटलला जाऊन खेळत होता. पाच मॅच झाल्या. दोन यांनी जिंकल्या, दोन त्यांनी, एक बरोबरीत सुटली. निकालाच्या मॅचच्या दिवशी माँट्रियलचे खेळाडू तापानं फणफणलेले. त्यांच्या व्यवस्थापकानं निरोप दिला, आम्ही उतरू शकत नाही, चषक तुम्ही घ्या. आणि सिएटलच्या पीट मल्डूननं तो घेतला नाही! आजारी माणसांकडून चषक कसला घ्यायचा, म्हणाला. माँट्रियलचा जो हॉल हा खेळाडू ५ एप्रिलला तिथंच वारला. चषकावर पुढं १९१९ च्या जागी कोरलं गेलं : मालिका अपूर्ण.

ही नोंद मला फार भावली. बँकेत ज्या रकमेचं काय करायचं ते ठरत नाही, ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. इथं एका देशाचा चषकच सस्पेन्स खात्यात पडला होता.

"मामा, असं तुमच्या क्रिकेटमध्ये झालंय का कधी?" भाच्यानं विचारलं. 'तुमच्या' हा शब्द मला जरा लागला. कॅनडाचं पाणी पोटात गेलं, की माणूस क्रिकेटलाही परकं करतो! मी साबण पुसला आणि म्हटलं, "मल्डूनचं कौतुक सांगतोस, आता आमच्या पुण्याचं ऐक."

डिसेंबर १९४८. पुणे क्लबच्या मैदानावर रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडचा डाव २३८ वर आटोपला. महाराष्ट्राकडून कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले आणि परत जायचं विसरले. कमल भांडारकर (२०५) यांच्याबरोबर त्यांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावांची भागी केली. भांडारकर गेले तरी निंबाळकर चालूच. ४९४ मिनिटं, म्हणजे सव्वाआठ तास. एवढा वेळ आमच्या शाखेत साहेबसुद्धा खुर्चीवर सलग दिसत नाहीत. ४९ चौकार आणि एक षटकार. सवयीप्रमाणे मी उरलेला हिशेब केला. चौकार-षटकारांचे झाले २०२. उरल्या २४१ धावा पळून काढलेल्या. बावीस यार्डांनी गुणलं, तर बरोब्बर तीन मैल आणि वर एक पीच. जोडीदाराच्या धावांसाठी पळाले ते वेगळं. त्याचा भत्ता नाही.

तिसऱ्या दिवशी खेळ विश्रांतीसाठी थांबला, तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. डॉन ब्रॅडमननं १९३० साली सिडनीला काढलेल्या नाबाद ४५२ हा तेव्हाचा जगातला उच्चांक. उरल्या फक्त नऊ धावा. म्हणजे दोन चौकार आणि एक हळूच ढकललेली धाव. ती ओलांडायला आणखी एक.

आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सांगितलं, बस्स झालं. डाव सोडा, नाहीतर आम्ही स्टेशनवर निघालो. विक्रमाच्या यादीत निंबाळकरांच्या नावासमोर आपल्या संघाचं नाव कायमचं लागेल, ही त्यांची भीती. आणखी दोनच षटकं द्या, अशी विनवणी महाराष्ट्रानं केली म्हणतात. उपयोग झाला नाही. काठियावाडनं सामना सोडून दिला आणि संघ सामान आवरून निघून गेला.

खरी गंमत पुढंच आहे. विक्रम झाला असता, तर काठियावाडचं नाव एका आकड्यासमोर बारीक टायपात छापलं गेलं असतं. त्यांनी पळ काढला म्हणूनच आज पाऊणशे वर्षांनंतर मी दाढी अर्धवट टाकून त्यांची गोष्ट सांगतो आहे.

आता बँकवाल्याची एक खोड सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत हातानं लिहायची लेजरं होती. संध्याकाळी टोटल जुळली नाही, तर कुणी घरी जायचं नाही. आमचे जुने हेडकॅशियर म्हणायचे, "फरक किती आहे ते आधी बघा. नवानं भाग जात असेल, तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. चोपन्नचे पंचेचाळीस केलेत." दहापैकी आठ वेळा ते खरं निघायचं. त्यामुळे ४५२ वजा ४४३ बरोबर नऊ, हे पाहिल्याबरोबर माझा हात लाल पेन्सिलीकडे गेला होता. पण इथं आकडे कुणी उलटे लिहिले नव्हते. फरक खरा होता.

आकड्यांनी ज्याला खरोखर फसवलं तो पाकिस्तानचा हनीफ महंमद. जानेवारी १९५९, कराची. ब्रॅडमनचा विक्रम त्यानं मोडला होता. दिवसाचे शेवटचे चेंडू चालू होते आणि फलकावर त्याच्या ४९६ धावा दिसत होत्या. म्हणून बिचारा घाईघाईनं दुसरी धाव पळाला आणि धावचीत झाला. परत जाताना पाहतो तर ४९९! फलकावरच्या पोरानं दोन धावा कमी लावल्या होत्या, खऱ्या तेव्हा ४९८ होत्या. आमच्याकडे अशा पोराला मेमो मिळतो. त्याच्या चुकीमुळे हनीफची एक धाव कमी पडली आणि पाचशेचा मान पुढं १९९४ साली ब्रायन लाराला मिळाला.

निंबाळकरांचं दुःख मात्र त्या नऊ धावांचं नाहीच, असं मला वाटतं. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आलेला होता. मुंबईची दुसरी कसोटी १३ डिसेंबरला संपली, कलकत्त्याची तिसरी ३१ डिसेंबरला सुरू झाली. निंबाळकरांच्या ४४३ या दोहोंच्या मधल्या! अर्ज आणि शिफारसपत्र यांच्या मध्ये माणसानं एवढं काम करून दाखवलं, तरी निवड समितीनं त्यांना घेतलं नाही. त्या मालिकेत नाही, पुढंही नाही. भाऊसाहेब निंबाळकर एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. ठाकोरसाहेबांनी नऊ धावा बुडवल्या, समितीनं मुद्दलच बुडवलं. पण ठाकोरसाहेबांचं नाव निघतं आणि समितीचं कुणी काढत नाही. समितीचा हा फायदा सगळीकडेच असतो.

ब्रॅडमननं मात्र पत्र पाठवून कौतुक केलं आणि ती खेळी आपल्या खेळीहून सरस मानली, असं सांगतात. भारतातल्या प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्या ४४३ पर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही. ११ डिसेंबर २०१२ रोजी भाऊसाहेब कोल्हापुरात वारले. दुसऱ्या दिवशी त्यांना त्र्याण्णव पुरी होणार होती. इथंही एक कमीच.

"फारच कोता माणूस होता रे मामा तो राजा," भाचा तिकडून म्हणाला. मी गप्प बसलो. गप्प बसायला कारण होतं.

दहा-बारा वर्षांपूर्वी, मार्च महिन्यातल्या एका रविवारी, आमच्या शाखेची बाजारातल्या पोरांशी टेनिस चेंडूची मॅच झाली होती. आमचा कर्णधार मी, कारण बॅट माझी. त्यांच्यातला एक काटकुळा पोरगा आम्हाला असा काही झोडत होता, की क्षेत्ररक्षण सोडून आम्ही नुसते चेंडू शोधत होतो. आमच्या रोखपालाची कंबर धरली, शिपाई काट्यात गेला, प्रेक्षकांतून आमचे खातेदार हसत होते. तो पोरगा ९४ वर आला आणि मला एकाएकी इयर एंडिंगची आठवण झाली. उद्या सकाळी लवकर शाखा उघडायची आहे, असं जाहीर करून मी बॅट काखेत मारली. पोरं ओरडत होती, "साहेब, एकच ओव्हर!" शिकागोचा अकाउंटंट २९ मार्चला मैदानात गेला आणि मी मार्चचं नाव सांगून मैदानातून पळालो. ८२६ धावांमागे पळालेल्या माणसाच्या मनात काय येत असेल, ते मला १६० मध्येच कळलं होतं.

त्या पोराचं आता मोबाईलचं दुकान आहे. आठवड्यातून एकदा भरणा करायला माझ्याच काउंटरला येतो. नोटा सरकवतो आणि हळूच म्हणतो, "साहेब, सहा राहिले." मी पावतीवर शिक्का मारतो आणि पुढच्या माणसाला हाक मारतो.

भाच्याच्या फोननंतरच्या सोमवारी तो आला, तेव्हा मी शिक्का खाली ठेवला. म्हटलं, "येत्या रविवारी ये कॉलेजच्या ग्राउंडवर. बॅट आणतो. सहा काढूनच टाक एकदाचे."

तो खिडकीला टेकून हसला. "गुडघा गेलाय साहेब आता. आणि सहा मिटले तर मी इथं येऊ कशाला? हल्ली सगळं मोबाईलवर होतं."