नाना फडणीस व सवाई माधवराव

ऑगस्ट १७७३ मध्यें शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुढें १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले, आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या अर्भकास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. १७७७ सालीं मातोश्री गंगाबाईही निवर्तल्या. चुलत आजोबा रघुनाथराव तर इंग्रजांच्या साहाय्यानें गादीवर टपलेले. अशा स्थितींत नाना फडणिसांनीं या पोरक्या मुलास तळहातावरच्या फोडाप्रमाणें जपलें, हें कोणासही नाकारतां येणार नाहीं.

परंतु जपण्याची संवय एकदां लागली म्हणजे ती कोठें थांबवावी, हें पालकास उमजेनासें होतें. माधवराव वयांत आले, तरी कारभाराचीं सूत्रें नानांच्याच हातीं राहिलीं. १७९२ सालीं महादजी शिंदे पुण्यास आले. त्यांच्या दिलखुलास सहवासांत तरुण पेशव्यांस शिकारीचा व मोकळ्या बोलण्याचा आनंद मिळूं लागला. पण फेब्रुवारी १७९४ मध्यें महादजी वानवडीस वारले व तोही विसावा संपला.

त्या काळीं रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव शिवनेरीवर नानांच्या कैदेंत होते. ते माधवरावांचे नात्यानें चुलते, वयानें मात्र त्यांहून लहान. एकाची कैद उघड, दुसऱ्याची झांकलेली. बळवंतराव नागनाथ यांच्या मध्यस्थीनें दोघांत गुप्त पत्रव्यवहार सुरू झाला. एकविशींतील पेशव्यांचें बंड तें एवढेंच! नानांस सुगावा लागतांच बळवंतराव कैद झाले, बाजीरावांवरील पहारा कडक झाला आणि खुद्द पेशव्यांस कठोर शब्द ऐकावे लागले.

नानांचा संशय अगदींच निराधार होता असें नव्हे. रघुनाथरावांच्या घराण्यानें काय केलें होतें, तें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. चूक होती ती निराळीच. त्या पत्रांत त्यांस फितुरी दिसली. बरोबरीच्या माणसासाठीं तळमळणारा एकटा जीव दिसला नाहीं.

२५ ऑक्टोबर १७९५ रोजीं माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून खालीं कारंज्यावर पडले व २७ तारखेस त्यांचा अंत झाला. ती आत्महत्या कीं तापाच्या भरांतील अपघात, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. हा शेवट कोंडलेल्या तरुणाचा होता, याविषयीं मात्र फारसा वाद नाहीं.

ज्यांना दूर ठेवण्यासाठीं एवढा पहारा, तेच बाजीराव डिसेंबर १७९६ मध्यें गादीवर बसले. १८०० सालीं नाना वारले, १८०२ सालीं वसईचा तह झाला आणि १८१८ सालीं पेशवाई बुडाली. बाजीरावांविषयींची नानांची भीति खरी ठरली. पण त्या भीतीनें राज्यही वांचलें नाहीं आणि मुलगाही वांचला नाहीं. पाल्यास संकटांतून राखणें हें पालकाचें अर्धें कर्तव्य होय. वेळ येतांच त्याच्या हातीं लगाम देणें, हें उरलेलें अर्धें.