फुले आणि जुनी भांडी

चिंचोळीची औद्योगिक वसाहत म्हटली की डोळ्यांपुढे उभ्या राहतात त्या पत्र्याच्या शेडी, धुराडी आणि सोलापूर-पुणे रस्त्यावरून धावणारे मालट्रक. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पुढे मोहोळ तालुक्याच्या या माळरानावरही कारखानदारी आली. अशा ठिकाणी फुलांच्या मांडणीचा विषय काढणे कुणाला विसंगत वाटेल. पण जेथे वर्षाकाठी जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तेथेच माणूस फुलझाडाला अधिक जपतो. भांडी विसळलेल्या पाण्यावर वाढलेली जास्वंद ही सोलापूरकडची खरी बाग होय.

फुले पाण्यात मांडून नुसती पाहत बसायची ही रीत साहेबाची, असा आपल्याकडे समज आहे. आपले फूल देवाला जाते, वेणीत जाते, नाहीतर तोरणात. 'फुलदाणी'तला 'दाणी' हा तुकडाही फारसीतून आलेला. समज वरवर पाहता खरा वाटतो. परंतु इतिहास निराळे सांगतो. सांची आणि अमरावती येथील शिल्पांत कमळांनी भरलेला 'पूर्णघट' दोन हजार वर्षांपूर्वीच कोरलेला आहे. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांब घटांतूनच वर उठतात. आणि वेरूळच्या खांबांवर घटाच्या काठावरून पाने ओसंडताना दिसतात. घट म्हणजे भरलेले घर, ही कल्पना कलशावर आंब्याचा डहाळा ठेवणाऱ्या गृहिणीला आजही सांगावी लागत नाही.

बुद्धापुढे फुले वाहण्याची चाल बौद्ध धर्माबरोबर पूर्वेकडे गेली व जपानात तिची स्वतंत्र कला झाली. क्योतो येथील इकेनोबो सेन्केई या भिक्षूच्या पुष्परचनेचा उल्लेख १४६२ सालच्या एका रोजनिशीत सापडतो. पुढे सेन नो रिक्यू या चहागुरूने १५९० साली साधा बांबू कापून त्याचीच फुलदाणी केली, असे परंपरा सांगते. मौल्यवान चिनी पात्रे हाताशी असताना त्याने बांबू निवडला, यातले मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. फुलाला श्रीमंत भांडे लागत नाही. ओळखीचे भांडे लागते.

आपल्या मुलखातही ही हौस दरबारात शिरली. सोलापूरचा किल्ला ज्या आदिलशाहीने निजामशाहीशी झुंजून मिळवला, त्याच घराण्यातल्या दुसऱ्या इब्राहिमाने १५९९ साली विजापूरजवळ नवरसपूर वसवावयास घेतले. त्याच्या दरबारात सुगंधांवर एक फारसी ग्रंथ लिहिला गेला. त्याचे नाव 'इत्र-ए-नवरसशाही'. शेजारच्या बिदरात जस्तात थोडे तांबे मिसळून भांडी ओतीत, त्यांवर चांदीची नक्षी बसवीत आणि किल्ल्यातली माती व नवसागर लावून ती काळी करीत. त्यांतले पुष्कळसे घाट हुक्क्याचे. आज हुक्का गेला. त्याचा बुडखा संग्रहालयात उरला. कुणाच्या घरी तो असलाच, तर काळ्या धातूवर पांढरी शेवंती कशी उठून दिसते ते करून पाहावे.

आणि फुले तरी कुठे इथली? दिवाळीचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा, निशिगंधही तिकडचाच, शेवंती चीनकडची. तरीही झेंडूवाचून आपला पाडवा साजरा होत नाही. फुलाची जात कुणी विचारीत नाही. रुजले की ते घरचे होते.

भांड्यांच्या नशिबी मात्र हे आले नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टील घरोघर आले आणि तांब्यापितळेचे चंबू, गडू, घंगाळे मोड म्हणून वजनावर गेली. पुष्कळ भांड्यांवर नावे कोरलेली असत: कुणी, कुणाला, कोणत्या लग्नात दिले त्याची. बखरींत, दप्तरांत जिचे नाव नाही अशा आजीचे नाव कित्येक घरांत एका ताम्हनाच्या काठावरच शिल्लक आहे. ते भट्टीत गेले की तेवढा इतिहास वितळला. म्हणून माळ्यावरच्या भांड्याला काम देणे ही नुसती हौस नव्हे.

काम देणे अवघडही नाही. अरुंद गळ्याच्या चंबूत निशिगंधाच्या दोनच काड्या उभ्या राहतात. घंगाळात देठाविना झेंडू तरंगतो. फुलपात्रात मोगऱ्याची मूठभर फुले पुरतात. चिंचोळी म्हटले की चिंच आठवते, आणि कळकलेल्या तांब्यावर चिंचेइतका सोपा उपाय दुसरा नाही. तिच्यातल्या आम्लाने काळा थर सुटतो. तांब्याच्या अंगी जंतू मारण्याचा गुण असल्याने पाणीही लवकर नासत नाही. तरी ते रोज बदलावे, देठ तिरके छाटावे.

या पाच मिनिटांत मन निवते, याचे कारण गूढ नाही. यंत्रापुढे आठ तास उभ्या राहिलेल्या माणसाला येथे कुणी घाई करीत नाही, आणि मोजदादही नसते. हात काठावरच्या झिजल्या अक्षरांवरून फिरतो, एक नाव वाचले जाते, आणि त्या नावावर आजचे फूल उमलते.