जागा सुटलेला गंधार

पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरला, तर काळी दोन म्हणजे कोमल गंधार. शुद्ध गंधार आपल्या जागेवरून एक पट्टी खाली उतरला की हा स्वर लागतो. जागा सुटते, नाव गंधारच राहतं. ऋत्विक घटक यांच्या ‘कोमल गंधार’ या १९६१ च्या बंगाली चित्रपटाच्या नावाचं मूळ या स्वरात आहे.

स्वराचं नाव माणसाला दिलं ते रवींद्रनाथांनी. ‘पुनश्च’ या १९३२ च्या संग्रहातल्या एका कवितेत त्यांनी एका स्त्रीचं मनातल्या मनात ठेवलेलं नाव कोमल गंधार आहे. घटकांनी ते तिथून घेतलं आणि फाळणीने दुभंगलेल्या बंगालला दिलं.

घटक १९२५ साली ढाक्यात जन्मले. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळाने माणसं मरत होती. त्याच वर्षी मुंबईत ‘इप्टा’ या जननाट्य चळवळीची स्थापना झाली. दुसऱ्या वर्षी बिजन भट्टाचार्यांच्या ‘नबान्न’ने दुष्काळ रंगमंचावर आणला. याच चळवळीत घटक घडले आणि तिच्यातली फूटही त्यांनी सोसली. चित्रपटात भृगू आणि अनसूया या दोन फुटलेल्या नाटकमंडळ्यांतल्या कलावंतांची गाठ पडते. मंडळ्या एकत्र येऊन ‘शाकुंतल’ बसवतात. आतल्याच माणसांच्या दगाफटक्याने प्रयोग कोसळतो. अनसूयेचं मन, नाटकाची चळवळ आणि बंगाल, तिन्ही एकाच वेळी दुभंगलेली आहेत.

लालगोल्याला पद्मेच्या काठी दोघं उभी राहतात. भृगूचं घर पलीकडे. पूर्वी गाडीतून उतरून बोटीने पैलतीर गाठता येई. आता रूळ काठावरच संपतात. कॅमेरा त्या रुळांवरून धावत सुटतो, शेवटच्या अडसरावर आदळतो आणि पडदा काळा होतो. फाळणीचा अर्थ इतक्या थोडक्यात सांगणारं दुसरं दृश्य मला ठाऊक नाही.

पण ज्योतिरिंद्र मैत्र यांच्या संगीतात लग्नाची गाणी वारंवार येतात. विरहाच्या चित्रपटात घटकांनी मीलनाचे सूर पेरले.

बंगालीत निर्वासिताला ‘उद्वास्तू’ म्हणतात: वास्तूतून उखडलेला. घटकांचे उद्वास्तू नव्या जागी नाटक उभं करतात, भांडतात, प्रेम करतात. गंधार खाली उतरला म्हणून बेसूर होत नाही. बागेश्रीला तर तोच लागतो. चित्रपटाला हे नाव देताना घटकांनी आपल्या माणसांवर तेवढाच विश्वास ठेवला, असं मी मानतो.