भूतग्रस्त की फेफरेकरी? एका शब्दावरून सुरू झालेलं संशोधन

संशोधनाचा विषय सापडतो कुठे, असं तुम्ही विचारता. माझा बिडकीनमध्ये सापडला. घरगुती प्रार्थनासभा संपल्यावर एक मावशी म्हणाल्या, "पोराच्या डोक्याच्या गोळ्या बंद केल्या. प्रार्थना चालू असताना गोळी देणं म्हणजे अविश्वासच ना?" शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, "अगं, शुगरची गोळी रोज घेतेस की! मग तो अविश्वास नाही का?"

दोघी एकाच मंडळीतल्या. त्यामुळे 'श्रद्धा विरुद्ध विज्ञान' ही तयार चौकट आधी बाजूला ठेवा आणि साधनांकडे वळा.

पहिलं साधन म्हणजे घरातलं बायबल. मत्तय 4:24 च्या रूढ मराठी भाषांतरात आजाऱ्यांची यादी आहे. तीत 'भूतग्रस्त' आणि 'फेफरेकरी' वेगवेगळे येतात. दुसऱ्यासाठीचा मूळ ग्रीक शब्द चंद्राशी जोडलेला आहे, म्हणजे चंद्राने झपाटलेला. मराठीत मात्र आजाराचं रोजचं नाव आलं. पण सतराव्या अध्यायात असाच फेफरेकरी मुलगा भूत निघाल्यावर बरा होतो. म्हणजे मावशी आणि काकू दोघींनाही आधार एकाच ग्रंथात मिळतो. एक खबरदारी घ्या: फेफरं हा मेंदूचा विकार आहे, मानसिक आजार नव्हे. जुन्या साधनांत दोन्हींची सरमिसळ असते, ती तुमच्या लेखनात उतरू देऊ नका.

दुसरं साधन म्हणजे संस्था. नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा 1843 चा. पुढे त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. जालन्यात मिशनचं हॉस्पिटलही उभं राहिलं. म्हणजे आपल्या भागात दवा आणि दुवा एकाच मिशनच्या छायेत वाढल्या. निजामी राज्याचं वेड्यांचं इस्पितळही जालन्यातच होतं, पुढे ते हैदराबादला हललं. मग शरीराच्या औषधाला घरात जागा मिळाली, तशी मनाच्या औषधाला का मिळाली नाही? माझा प्रश्न हाच आहे.

उत्तर फक्त धर्मात शोधू नका. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 चं. "याला ठाण्याला पाठवा" ही थट्टा सगळ्याच धर्मांची माणसं करतात. औषधाची भीती आणि इस्पितळाची लाज वेगळ्या करून पाहा. काही वेळा प्रार्थना हे त्या लाजेवरचं पांघरूण असतं.

कायदाही वाचा. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं गुन्हा आहे. प्रार्थनेला मनाई नाही.

आता शेवटचं, पद्धतीच्या पुस्तकात सहसा न सापडणारं. त्या दिवशी मी वही मिटली. अशा गोळ्या अचानक बंद करणं धोक्याचं असतं, एवढं मावशींना सांगितलं आणि डॉक्टरांना फोन लावून दिला. मुलाखत अर्धी राहिली. राहू दे. समोरच्या माणसाचा जीव आपल्या प्रकरणापेक्षा मोठा असतो.

पुढच्या वेळी मावशी स्वतःच म्हणाल्या, "गोळी देते, आणि मग प्रार्थना करते." हे वाक्य मी कोणत्या चौकटीत बसवू? तुम्ही विचार करा, मीही करतोय.