बहुवारिकांची सूक्ष्मसंरचित पृष्ठे

बहुवारिक पदार्थाच्या (अनेक लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूंच्या पदार्थाच्या) पृष्ठभागावर मायक्रोमीटर (मीटरचा दशलक्षांश भाग) वा नॅनोमीटर (मीटरचा अब्जांश भाग) यांत मोजता येतील अशा मापाच्या खाचा, खड्डे, उंचवटे किंवा खांब ठराविक रचनेत हेतुपुरस्सर निर्माण केलेले असल्यास त्या पृष्ठभागाला सूक्ष्मसंरचित पृष्ठ असे म्हणतात. अशा पृष्ठाचा रंग, त्याची चकाकी, पाण्याने भिजण्याची वा न भिजण्याची प्रवृत्ती, चिकटपणा, घर्षण इ. गुणधर्म पदार्थाच्या रासायनिक संघटनाप्रमाणेच या आकारांवरही अवलंबून असतात. ग्रामोफोनची ध्वनिमुद्रिका, संगीताची वा संगणकाची सीडी, बँकेच्या कार्डावरील चकाकणारे त्रिमितीय चित्र ही या पृष्ठांची परिचित उदाहरणे होत. या विषयाचा इतिहास मुख्यतः साच्याचा इतिहास आहे. एक मूळ नमुना कितीही कष्टाने व खर्चाने तयार करावा लागला, तरी त्यापासून लाखो प्रतिकृती स्वस्तात काढता येतात, ही बहुवारिकांची देणगी होय. या प्रतिकृती वापरात किती काळ टिकतात, हा प्रश्न मात्र सर्वत्र सारखा सुटलेला नाही.

प्रारंभ : पदार्थ न बदलता केवळ पृष्ठाच्या आकाराने गुणधर्म बदलतो, याचा स्पष्ट पुरावा स्कॉटिश भौतिकीविज्ञ सर डेव्हिड ब्रूस्टर (१७८१–१८६८) यांना योगायोगाने मिळाला. मोत्याच्या शिंपल्याच्या आतील चकचकीत थराचा एक तुकडा त्यांनी राळ व मेण यांच्या मिश्रणाने उपकरणावर बसविला होता. तो काढल्यावर मिश्रणावर उमटलेल्या ठशातही शिंपल्यासारखेच रंग त्यांना दिसले. डिंक व सहज वितळणारी मिश्रधातू यांवर ठसे घेतले असतानाही तेच आढळले. हे रंग पदार्थाचे नसून शिंपल्यावरील अतिसूक्ष्म रेषांचे आहेत, असा निष्कर्ष त्यांनी १८१४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडला. शिंपल्याचे काही रंग ठशात उतरत नाहीत, हेही त्यांनी नोंदविले. ते रंग शिंपल्यातील पातळ थरांमुळे येतात. राळ, मेण व डिंक यांवर घेतलेले हे ठसे प्रस्तुत विषयाचा आरंभबिंदू मानण्यास हरकत नाही.

प्रकाशाचे विवर्तन (अतिसूक्ष्म अडथळ्यांवरून जाताना प्रकाशाचे वळणे व निरनिराळ्या रंगांत विभागणे) घडविणारी जालके पुढे हेतुपुरस्सर तयार करण्यात येऊ लागली. अमेरिकन भौतिकीविज्ञ हेन्री ऑगस्टस रोलंड (१८४८–१९०१) यांनी १८८२ च्या सुमारास तयार केलेल्या यंत्राने धातूच्या आरशावर दर इंचात १४,४३८ रेषा आखता येत असत. असे एकेक जालक आखण्यास अनेक दिवस लागत व हिऱ्याचे टोक मध्येच झिजल्यास सर्व श्रम वाया जात. त्यामुळे १९०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये टॉमस थॉर्प यांनी सेल्युलॉइडसारख्या पदार्थाचा पातळ थर जालकावर ओतून व वाळल्यावर सोलून काढून त्याच्या पारदर्शक प्रतिकृती बनविल्या. हे उपकरण सामान्य प्रयोगशाळांच्या आटोक्यात येण्यास अशा प्रतिकृतींची मोठी मदत झाली.

ध्वनिमुद्रिका : साच्यावरून मोठ्या प्रमाणावर प्रतिकृती काढण्याचा पहिला उद्योग ध्वनिमुद्रणाचा होय. टॉमस आल्वा एडिसन यांच्या १८७७ सालच्या फोनोग्राफमध्ये कथिलाच्या पत्र्यावर ध्वनी कोरला जाई. पण त्याची दुसरी प्रत काढण्याची सोय नव्हती. जर्मनीत जन्मलेले अमेरिकन संशोधक एमिल बर्लिनर (१८५१–१९२९) यांनी १८८७ मध्ये चपट्या तबकडीचे एकस्व मिळविले. तबकडीवरील नागमोडी खाचेचा उलटा ठसा धातूवर घ्यावयाचा व त्या धातूच्या साच्याने मऊ पदार्थावर दाब देऊन प्रती काढावयाच्या, ही त्यांची मुख्य कल्पना होती. प्रथम कठीण केलेले रबर व त्यानंतर १८९५ ते १८९७ च्या सुमारास लाखेपासून मिळणारे शेलॅक हे नैसर्गिक रेझीन यांसाठी वापरण्यात येऊ लागले. लाख त्या काळी मुख्यत्वे हिंदुस्थानातून जगभर जात असे. छोटा नागपूरच्या जंगलांतील कीटकांनी निर्माण केलेले हे द्रव्य परदेशी जाऊन, त्यावर उमटलेला भारतीय गायकांचा आवाज घेऊन परत येई. भारतातील पहिली ध्वनिमुद्रणे १९०२ साली कलकत्त्यात झाली. परंतु त्यांच्या तबकड्या जर्मनीत छापल्या गेल्या होत्या. १९०८ साली कलकत्त्यातील सियालदा येथे कारखाना निघाल्यावर हे काम येथेच होऊ लागले. बालगंधर्वांसारख्या गायकांची गाणी मराठी घरांत पोहोचली ती अशा लाखेच्या तबकड्यांवरून.

शेलॅकच्या तबकडीत दगडाची भुकटी मिसळावी लागे. या भुकटीच्या कणांमुळे खाच खडबडीत राही व गाण्याबरोबर सतत खरखर ऐकू येई. म्हणजे प्रतिकृतीची सूक्ष्मता पदार्थाच्या कणांपेक्षा अधिक असू शकत नाही, ही मर्यादा येथे प्रत्यक्ष कानांना जाणवत होती. १९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने पीटर गोल्डमार्क (१९०६–७७) आणि त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेली व्हिनिल या संश्लेषित बहुवारिकाची दीर्घवादन तबकडी बाजारात आणली. व्हिनिलमध्ये अशी भुकटी घालावी लागत नसल्याने खाचा बारीक करता आल्या. एका इंचात सुमारे १०० खाचांऐवजी २०० ते ३०० खाचा बसू लागल्या आणि एका बाजूला चार मिनिटांऐवजी वीस मिनिटांहून अधिक वादन मावू लागले.

प्रकाशीय उपयोग : वर्गात वापरल्या जाणाऱ्या प्रक्षेपकासाठी १९६० नंतरच्या दशकात थ्री एम या अमेरिकन कंपनीने प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर समकेंद्री खाचा उमटवून भिंगे तयार केली. ऑगस्टीन झां फ्रेनेल (१७८८–१८२७) यांनी दीपगृहांसाठी काचेच्या वलयांपासून बनविलेल्या वजनदार भिंगाचीच ही हलकी आवृत्ती होती.

सीडीमध्ये या तंत्राने मायक्रोमीटरखालील मापे गाठली. फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी १९८२ मध्ये प्रचारात आणलेली ही तबकडी पॉलिकार्बोनेटाची, १२ सेंमी. व्यासाची व १.२ मिमी. जाडीची असते. तिच्यातील खड्डे सुमारे ०.५ मायक्रोमीटर रुंद व ०.१ मायक्रोमीटरहून किंचित अधिक खोल असून त्यांच्या सर्पिल रांगेच्या दोन फेऱ्यांत १.६ मायक्रोमीटर अंतर असते. ही रांग उलगडल्यास तिची लांबी ५ किमी.हून अधिक भरेल. प्रकाशसंवेदी लेप दिलेल्या काचेवर लेसरने मूळ नमुना लिहितात, त्यावर विद्युत् विलेपनाने निकेलाचा साचा घडवितात आणि साच्यात वितळलेले पॉलिकार्बोनेट दाबाने घालून काही सेकंदांत एकेक तबकडी काढतात. सीडीवर दिसणारे इंद्रधनुषी रंग हे ब्रूस्टर यांच्या मेणावरील रंगांचेच सजातीय होत. १९९६ पासून डीव्हीडीमध्ये फेऱ्यांतील अंतर ०.७४ मायक्रोमीटर आणि २००६ पासून ब्लू-रे तबकडीत ०.३२ मायक्रोमीटर इतके कमी झाले.

याच सुमारास होलोग्राम (लेसर प्रकाशाच्या साहाय्याने नोंदविलेली त्रिमितीय प्रतिमा) प्लॅस्टिकच्या फितीवर ठशाने उमटविण्यात येऊ लागले. १९८३ पासून मास्टरकार्ड कंपनीच्या कार्डांवर ते दिसू लागले. छापखान्यातील शाईने किंवा छायाप्रत यंत्राने या पृष्ठाची नक्कल होत नाही. त्यामुळे जे तंत्र प्रतिकृती काढण्यासाठी जन्मास आले, त्याचाच बनावट प्रतिकृती रोखण्यासाठी उपयोग झाला.

प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान उंचवट्यांचा परिणाम वेगळा असतो. रात्री उडणाऱ्या पतंगांच्या डोळ्यांवर सुमारे २०० नॅनोमीटर अंतरावर बारीक उंचवटे असल्याचे स्वीडनमधील सी. जी. बर्नहार्ड व त्यांचे सहकारी यांना १९६० नंतरच्या दशकात आढळले. हवेतून डोळ्यात शिरताना प्रकाशाला प्रणमनांक एकदम न बदलता क्रमाने बदलत गेल्यासारखा भासतो व परावर्तन फार कमी होते. इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील पी. बी. क्लॅपम व एम. सी. हटली यांनी १९७३ मध्ये अशी रचना प्रकाशसंवेदी लेपात कृत्रिम रीत्या निर्माण केली.

साच्याची नवी तंत्रे : मूळ नमुना घडविण्याची साधने प्रामुख्याने संकलित मंडलांच्या उद्योगातून आली. १९८० नंतरच्या दशकात जर्मनीतील कार्ल्झरूए येथे सिंक्रोट्रॉनमधील क्ष-किरणांनी ॲक्रिलिकच्या जाड थरात खोल व उभ्या भिंतींचे आकार कोरण्याची पद्धत विकसित झाली. युरेनियमाचे समस्थानिक अलग करण्यासाठी लागणाऱ्या सूक्ष्म नलिका बनविणे, हा तिचा मूळ हेतू होता. हार्व्हर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्स व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून सिलिकोन रबराचे मऊ ठसे वापरण्यास सुरुवात केली. असा ठसा न मोडता सोलून निघतो, वक्र पृष्ठावरही बसतो आणि साध्या प्रयोगशाळेत बनविता येतो. रक्ताच्या थेंबाची तपासणी करणाऱ्या, केसाएवढ्या नलिका असलेल्या लहान पट्ट्यांचे संशोधन यामुळे जगभर पसरले. १९९५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील स्टीव्हन चौ व त्यांचे सहकारी यांनी तापवून मऊ केलेल्या ॲक्रिलिकवर कठीण साचा दाबून २५ नॅनोमीटर मापाचे आकार उमटविले. या पद्धतीला नॅनोमुद्रण म्हणता येईल. जपानच्या कॅनन कंपनीने २०२३ साली याच तत्त्वावरील यंत्र अर्धसंवाहक उद्योगासाठी विक्रीस आणले. सव्वाशे वर्षांपूर्वीची तबकडी व हे यंत्र यांच्या मापांत हजारो पटींचा फरक असला, तरी साचा दाबून ठसा उमटविण्याची मूळ कल्पना एकच आहे.

पाणी व पृष्ठ : अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, हे मराठी भाषेने वाक्प्रचारात नोंदविले आहे व कमळाच्या पानाचा असाच दृष्टांत भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात आहे. त्याचा वैज्ञानिक उलगडा मात्र विसाव्या शतकात झाला. थेंबाच्या कडेचा पृष्ठाशी होणारा कोन (स्पर्शकोन) जितका मोठा, तितके पृष्ठ कमी भिजते. गुळगुळीत पृष्ठावर केवळ रासायनिक उपायांनी, अगदी फ्ल्युओरीनयुक्त लेप देऊनही, हा कोन सुमारे १२० अंशांपलीकडे नेता येत नाही. त्यापुढील वाढ खडबडीतपणानेच साधते. आर. एन. वेन्झेल यांनी १९३६ मध्ये व ए. बी. डी. कॅसी आणि एस. बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये याचे गणित मांडले. उंचवट्यांच्या दरम्यान हवा अडकून राहते आणि थेंब जणू हवेच्या गादीवर बसतो. जर्मन वनस्पतिवैज्ञानिक व्हिल्हेल्म बार्थलॉट व सी. नाइनहुइस यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कमळाच्या पानावरील सूक्ष्म गाठी व त्यांवरील मेणाच्या नळ्या तपासल्या. अशा पानावरून घरंगळणारा थेंब धूळही बरोबर नेतो, हे त्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. या तत्त्वावर आधारलेला सिलिकोन रेझीनयुक्त बाह्यरंग १९९९ पासून यूरोपात विकला जाऊ लागला.

शार्क माशाच्या खवल्यांवरील प्रवाहाच्या दिशेने जाणाऱ्या बारीक कण्यांचे अनुकरण करून अमेरिकेच्या नासा संस्थेच्या लँगली केंद्रात खाचायुक्त पृष्ठांवर प्रयोग झाले. संक्षुब्ध प्रवाहातील घर्षण त्यांमुळे सुमारे ८ टक्क्यांपर्यंत कमी होते. १९८७ च्या अमेरिका चषक शर्यतीत विजयी झालेल्या ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या नौकेच्या तळाला अशा खाचांचा प्लॅस्टिक पडदा लावलेला होता. लुफ्थान्सा टेक्निक व बीएएसएफ या कंपन्यांनी तयार केलेला, सुमारे ५० मायक्रोमीटर उंचीच्या खाचांचा पडदा २०२२ साली स्विस कंपनीच्या बोईंग ७७७ विमानावर वापरात आला. त्याने सु. १ टक्का इंधन वाचते. संख्या लहान दिसली, तरी लांब पल्ल्याच्या विमानाच्या बाबतीत ती मोठी ठरते.

सजीव कोशिका व पृष्ठ : कोशिका ज्या पृष्ठावर वाढतात, त्याचा आकार त्यांना ‘जाणवतो’. ग्लासगो येथील मॅथ्यू डॅल्बी व त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये ॲक्रिलिकवर १२० नॅनोमीटर व्यासाचे खड्डे उमटवून त्यांवर मानवी स्कंध कोशिका (निरनिराळ्या ऊतकांत रूपांतर होऊ शकणाऱ्या कोशिका) वाढविल्या. खड्ड्यांची मांडणी अगदी नियमित असता फारसा परिणाम झाला नाही. ती किंचित विस्कळीत करताच कोशिका अस्थिनिर्मितीकडे वळल्या. त्यासाठी कोणतेही औषध द्यावे लागले नाही. फ्लॉरिडा विद्यापीठात अँथनी ब्रेनन यांनी शार्कच्या कातडीवरून योजलेली, सुमारे २ मायक्रोमीटर रुंदीच्या पट्ट्यांची नक्षी सूक्ष्मजंतूंना मारत नाही, पण त्यांची वसाहत जमण्यास विलंब लावते. प्रतिजैविक औषधांना न जुमानणाऱ्या सूक्ष्मजंतूंचा प्रश्न बिकट झालेला असताना वैद्यकीय उपकरणांच्या दृष्टीने असे उपाय महत्त्वाचे ठरू शकतात.

मर्यादा : पालीच्या पायावरील लक्षावधी सूक्ष्म केसांचे अनुकरण करून मँचेस्टर येथील आंद्रे गाइम व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये पॉलिइमाइडाची, सरस न लावता चिकटणारी पट्टी तयार केली. ती थोड्या वेळा वापरल्यावर केस वाकून एकमेकांना चिकटत व पट्टी निरुपयोगी होई. जलविरोधी पृष्ठाचे उंचवटेही घासण्याने झिजतात, तेलाने भरतात किंवा जोराच्या पाण्याखाली त्यांतील हवा निघून जाते. कमळाचे पान आपले मेण पुन्हा निर्माण करते, पालीची कात वेळोवेळी बदलते. बहुवारिकाच्या निर्जीव पृष्ठाला ही सोय नाही. ज्या उपयोगांना मोठे यश मिळाले त्यांत ही अडचण टाळलेली दिसते. सीडीतील खड्डे पॉलिकार्बोनेटाच्या जाडीआड व लाखेसारख्या लेपाखाली सुरक्षित असतात. होलोग्रामवर पारदर्शक थर असतो आणि तपासणीची पट्टी एकदाच वापरून टाकावयाची असते. ऊन, वारा, पाणी व माणसाचा हात यांना थेट सामोरे जाणाऱ्या पृष्ठांची प्रगती त्या मानाने मंद आहे.

याखेरीज अनेक जलविरोधी लेपांत वापरली जाणारी फ्ल्युओरीनयुक्त संयुगे निसर्गात दीर्घ काळ विघटित होत नाहीत व पाण्यात साठत जातात. त्यामुळे अनेक देशांनी त्यांच्या वापरावर बंधने घातली आहेत. विषारी द्रव्यांऐवजी केवळ आकाराने काम साधण्याच्या प्रयत्नांना त्यामुळे अधिक महत्त्व आले आहे. ब्रूस्टर यांच्या मेणाच्या ठशाने हे तत्त्व दोन शतकांपूर्वीच दाखविले होते. तो आकार झिजेपासून जपणे किंवा झिजल्यावर आपोआप भरून येईल असा करणे, हे या क्षेत्रातील पुढील संशोधनाचे मुख्य उद्दिष्ट आहे.